साहेबाचे ओटे आणि आकाशातली यानं : हौशी निरीक्षकांचा इतिहास

एवढ्या पावसात तुम्ही आलात, त्याबद्दल आधी तुमचे आभार.

कार्यक्रमपत्रिकेवर विषय छापला आहे ‘दूरची यानं आणि हौशी निरीक्षक’. आल्या आल्या एकांनी मला विचारलं, ‘सर, तुम्ही तत्त्वज्ञान शिकवायचात ना? मग हे यानांचं कुठून काढलंत?’ प्रश्न बरोबर आहे. त्याचं उत्तर द्यायचं तर मला एक कबुली द्यावी लागेल, आणि ती मालवणात द्यायची म्हणजे थोडी जोखीमच आहे.

मी पंचवीसेक वर्षं तर्कशास्त्र शिकवलं. ‘निरीक्षण म्हणजे काय’ हा भाग आला की मी हटकून विजयदुर्गचं उदाहरण द्यायचो. १८ ऑगस्ट १८६८ रोजी खग्रास सूर्यग्रहण झालं, नॉर्मन लॉकियर या इंग्रज शास्त्रज्ञाने विजयदुर्गावरून ते पाहिलं, सूर्याच्या प्रकाशात त्याला एक अनोळखी पिवळी रेषा दिसली आणि हेलियमचा शोध लागला. किल्ल्यावर आजही ते चौथरे दाखवतात, त्यांना ‘साहेबाचे ओटे’ म्हणतात. मी इतकं छान रंगवून सांगायचो की मुलं वह्या बाजूला ठेवून ऐकायची. एके वर्षी मागच्या बाकावरचा देवगडकडचा एक मुलगा उठला आणि म्हणाला, ‘सर, लॉकियर इथे आले होते याची नोंद कुठे आहे?’

मी म्हणालो, बघून सांगतो. आणि बघितलं. त्यानंतर ते उदाहरण मी पुन्हा तसं दिलं नाही.

काय सापडलं ते सांगतो. ग्रहण खरं. चंद्राची सावली कोकणच्या किनाऱ्यावरून आत शिरून विजापूर, गुंटूर, मछलीपट्टणम अशी पूर्वेला गेली, हेही खरं. विजयदुर्ग त्या पट्ट्यात होता. गुंटूरला खग्रास अवस्था पाच मिनिटांच्या वर टिकली, म्हणजे सूर्य पाहायला भरपूर वेळ. म्हणून जगभरातले लोक आले. फ्रान्सचे जान्सेन गुंटूरला बसले, मेजर टेनंट यांची तुकडीही तिथेच. मद्रास वेधशाळेचे पॉगसन मछलीपट्टणमला. त्याच वेधशाळेतले चिंतामणी रघुनाथाचारी हैदराबाद राज्यातल्या वनपर्तीला. आणि आपल्या सगळ्यात जवळ, पटवर्धनांच्या जमखंडी संस्थानात, लेफ्टनंट जॉन हर्शेल. युरेनस शोधणाऱ्या विल्यम हर्शेल यांचा हा नातू. लॉकियर यांचं नाव या यादीत नाही.

ते होते इंग्लंडात. लंडनच्या युद्धखात्यात कारकून होते, आणि खगोलशास्त्र ही त्यांची संध्याकाळची हौस. सूर्याच्या कडेवरच्या ज्वाला ग्रहणाशिवायही दिसल्या पाहिजेत असा त्यांचा तर्क होता. त्यासाठी मागवलेला वर्णपटदर्शक कारागिराने फार उशिरा दिला. तो हाती आला १६ ऑक्टोबर १८६८ रोजी, ग्रहण होऊन दोन महिने झाल्यावर. २० ऑक्टोबरला लॉकियर यांनी घरच्या दुर्बिणीतून, भर उजेडात, ती पिवळी रेषा पाहिली. ग्रहणाच्या वेळी आपल्याकडेही काहींनी पिवळसर-नारिंगी रेषा नोंदवली होती, पण बहुतेकांनी ती सोडियमची धरली. ती सोडियमच्या जागी नाही, जराशी बाजूला आहे, हे लॉकियर यांनी मोजून दाखवलं. तिचं नाव डी-३. पृथ्वीवर हेलियम सापडायला पुढे १८९५ साल उजाडलं. ते रॅमसे यांनी एका खनिजातून मिळवलं.

ग्रहण संपल्यावरही ज्वालांच्या रेषा दिसतात हे जान्सेन यांना गुंटूरला दुसऱ्याच दिवशी कळलं होतं. त्यांचं पत्र आणि लॉकियर यांचं पत्र पॅरिसच्या अकादमीत एकाच दिवशी, २६ ऑक्टोबरला, वाचलं गेलं. श्रेय कुणाचं? फ्रेंच सरकारने दोघांचे चेहरे असलेलं पदक काढलं. भांडण मिटलं, कारण दोघांच्याही कागदावर तारखा होत्या.

लॉकियर हिंदुस्थानात आले ते १८७१ च्या डिसेंबरात, पुढच्या खग्रास ग्रहणाला. तेव्हा ते बसले होते आजच्या केरळातल्या बेकल किल्ल्यावर. तोही समुद्रकाठचा किल्ला. एक साहेब, एक ग्रहण, समुद्रात घुसलेला बुरूज, एवढं जुळलं की लोकांच्या आठवणीत एक किल्ला दुसऱ्याच्या जागी सहज बसू शकतो. हा माझा अंदाज आहे, पुरावा नाही. अंदाज तो अंदाज म्हणूनच सांगतो.

आता तुम्ही म्हणाल, हे ऐकायला का बोलावलं याला? यानं कुठे आहेत? येतो तिकडे. आधी आमच्या अंगणातून जाऊ.

ऑक्टोबर १९५७. मी सहा-सात वर्षांचा. ४ तारखेला रशियाने स्पुटनिक सोडला होता. आमचं गाव कणकवलीच्या बाजूला, तेव्हा तिथे वीज नव्हती. वडिलांनी मला उठवून अंगणात नेलं. शेजारचे पाच-सहाजण आधीच जमले होते. तांबडं फुटायच्या आधी एक ठिपका ताऱ्यांमधून सरकत गेला. वडील म्हणाले, ‘बघ, तो स्पुटनिक.’ पुढे आयुष्यभर मी सांगत आलो की मी स्पुटनिक पाहिला. तुमच्यातही माझ्या वयाचे जे आहेत त्यांनी हे सांगितलं असेल.

आपण जे पाहिलं तो बहुधा स्पुटनिक नव्हता. स्पुटनिक होता ५८ सेंटिमीटर व्यासाचा गोळा, वजन ८३.६ किलो. नुसत्या डोळ्यांना तो जेमतेम दिसला असता. उघड्या डोळ्यांनी लोकांना ठळक दिसला तो त्याला वर नेणाऱ्या अग्निबाणाचा मधला भाग, जो त्याच्याच मागेपुढे पृथ्वीभोवती फिरत होता. तो १ डिसेंबरला वातावरणात जळला. स्पुटनिक स्वतः ४ जानेवारी १९५८ पर्यंत राहिला. वडील खोटं बोलत नव्हते. त्यांनी ठिपका पाहिला, त्याला नाव वर्तमानपत्रातून मिळालं. पण वेळ कुणी लिहिली नाही, दिशा कुणी लिहिली नाही. म्हणून आज मला ‘बहुधा’ म्हणावं लागतं. तो ‘बहुधा’ आता कुणीच काढू शकत नाही.

त्याच महिन्यात जगात दुसरीकडे हौशी लोक काय करत होते ते पाहा. अमेरिकेत फ्रेड व्हिपल या खगोलशास्त्रज्ञाने १९५६ पासूनच ‘मूनवॉच’ नावाची योजना उभी केली होती. शिक्षक, विद्यार्थी, दुकानदार, गृहिणी, कुणीही. ही माणसं ओळीने बसायची, प्रत्येकाची लहान दुर्बीण आकाशाच्या एकेका पट्टीवर रोखलेली. वर सरकणारी वस्तू ज्याच्या पट्टीत शिरली त्याने आवाज द्यायचा आणि रेडिओवरच्या वेळेशी जुळवून क्षण टिपायचा. पुढे कृत्रिम उपग्रहांचे फोटो काढणारे मोठे कॅमेरे आले, त्यातला एक आपल्या नैनितालला बसला. पण ते कॅमेरे तयार होण्याआधी पहिल्या उपग्रहांच्या कक्षा ठरवायला या ओळीत बसलेल्या माणसांच्या नोंदी कामी आल्या.

दुसरी मंडळी ऐकत होती. स्पुटनिक २० आणि ४० मेगाहर्ट्झच्या जवळ ‘बीप बीप’ करायचा, आणि रशियनांनी हे आकडे आपल्या रेडिओ मासिकात आधीच छापले होते. त्यामुळे कुठल्याही हॅम रेडिओवाल्याला तो ऐकता येत होता. ऐकण्यात एक गंमत आहे. कुडाळ स्टेशनवर न थांबणारी गाडी शिट्टी वाजवत येते तेव्हा आवाज चढा असतो आणि पुढून गेली की एकदम उतरतो. उपग्रहाच्या लहरींचंही तसंच होतं. याला डॉप्लर परिणाम म्हणतात. सूर कोणत्या क्षणी उतरला ते कळलं की यान आपल्या सर्वात जवळून केव्हा गेलं ते कळतं. किती झपाट्याने उतरला त्यावरून ते किती अंतरावरून गेलं तेही काढता येतं. रोज लिहीत गेलात की हळूहळू कक्षा मिळते. साधन म्हणजे एक रेडिओ, एक घड्याळ, एक वही.

या तीन वस्तूंवर काय होऊ शकतं याचं सगळ्यात सुंदर उदाहरण इंग्लंडातल्या केटरिंग गावच्या शाळेतलं आहे. जेफ्री पेरी हे तिथले भौतिकशास्त्राचे शिक्षक. १९६० पासून ते रशियन उपग्रह ऐकत होते, पोरांना बरोबर घेऊन. हेतू साधा, डॉप्लर शिकवायचा. मार्च १९६६ मध्ये रशियाने कॉसमॉस-११२ सोडला. पोरांच्या नोंदी नेहमीच्या तक्त्यात बसेनात. यान नेहमीच्या तळावरून, म्हणजे कझाकस्तानातल्या बैकोनूरहून, निघालं असेल तर त्याचा मार्ग असा येणार नाही. ऑक्टोबरमध्ये आणखी एक यान आलं. आता त्यांनी दोन्हींचे मार्ग नकाशावर मागे नेले. रेषा एकमेकींना छेदल्या त्या उत्तर रशियात, प्लेसेत्स्क नावाच्या गावाजवळ. म्हणजे तिथे एक अंतराळतळ आहे, जो जगाला सांगितलेला नाही! शाळेने हे जाहीर केलं. मोठ्या सत्तांच्या हेरखात्यांना बरंच काही ठाऊक असतं, पण ते दाराआड राहतं. ही बातमी उघडपणे दिली ती शाळेतल्या पोरांनी. रशियाने तो तळ मान्य केला १९८३ मध्ये, सतरा वर्षांनी. मला पोरांच्या हुशारीपेक्षा एका गोष्टीचं जास्त कौतुक वाटतं. जी नोंद तक्त्यात बसत नव्हती, ती त्यांनी चुकली म्हणून खोडली नाही.

आता पृथ्वीपासून दूर जाऊ. नासाचं ‘इमेज’ नावाचं यान २५ मार्च २००० रोजी गेलं. पृथ्वीभोवतीच्या चुंबकीय क्षेत्राची चित्रं काढणं हे त्याचं काम. कक्षा इतकी लांबट की दूरच्या टोकाला ते पृथ्वीपासून सुमारे ४६ हजार किलोमीटरवर जायचं. डिसेंबर २००५ मध्ये त्याचा आवाज बंद झाला. नासाने प्रयत्न केले आणि शेवटी मोहीम संपल्याचं जाहीर केलं. बारा वर्षं गेली. २० जानेवारी २०१८ रोजी कॅनडातला स्कॉट टिली हा हौशी माणूस घरच्या अँटेनावर भलतंच काहीतरी शोधत होता, एक गुप्त अमेरिकी उपग्रह. त्याला एक अनोळखी आवाज मिळाला. त्याने डॉप्लरची वक्ररेषा काढली, ती कोणत्या कक्षेशी जुळते ते पाहिलं. जुळली इमेजशी. त्याने नासाला कळवलं. नासाने आपल्या अँटेना तिकडे वळवल्या आणि ३० जानेवारीला सांगितलं की होय, तेच यान आहे. यान मेलेलं नव्हतं. त्याच्याकडे कान देणारंच कुणी उरलं नव्हतं.

आपल्या महाराष्ट्रात नारायणगावजवळ खोडदला महाकाय मीटरतरंग रेडिओ दुर्बीण आहे, जीएमआरटी. गोविंद स्वरूप यांनी उभी केलेली, ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना. ते हौशींचं काम नाही, पण आजच्या गोष्टीत तिची जागा आहे. १९ ऑक्टोबर २०१६ रोजी युरोपचं स्कियापरेली नावाचं यान मंगळावर उतरत होतं. त्याचा मंद आवाज पृथ्वीवर पोचायला पावणेदहा मिनिटांच्या आसपास लागत होती. तो आवाज खोडदने ऐकला. यान वातावरणात शिरलं, खाली येत गेलं, आणि उतरायच्या थोडं आधी आवाज थांबला. यान आदळलं होतं. मंगळावरची ती अखेर आपल्या जुन्नर तालुक्यात नोंदवली गेली, सेकंदासकट.

मग आला आपला विक्रम. ७ सप्टेंबर २०१९ च्या पहाटे आपण सगळे टीव्हीपुढे बसलो होतो. मीही होतो. त्याच वेळी नेदरलंडमध्ये द्विंगेलो इथे १९५६ सालची जुनी रेडिओ दुर्बीण विक्रमचा आवाज टिपत होती. ती दुर्बीण आता स्वयंसेवक चालवतात. त्यांच्या आलेखात यानाचा वेग उतरताना दिसतो, मग रेषा वेडीवाकडी होते आणि तुटते. इथे आपल्याला अधिकृत शब्द ऐकू येत होता ‘संपर्क तुटला’, आणि तिथे तो कसा तुटला याची रेषा कागदावर होती.

पुढे नासाने चंद्राच्या त्या भागाचे फोटो सगळ्यांसाठी खुले केले. चेन्नईचा षण्मुग सुब्रमण्यन हा अभियंता रात्री-रात्री जुने आणि नवे फोटो शेजारी ठेवून बघत बसला. त्याला एक ठिपका आढळला, आधीच्या फोटोत नसलेला. त्याने नासाला लिहिलं. त्यांनी नंतरचे फोटो तपासले आणि २ डिसेंबर २०१९ रोजी जाहीर केलं की हा विक्रमचा तुकडा आहे, आणि शोधणाऱ्याचं नाव लिहिलं. आपल्या ऑर्बिटरने विक्रमची जागा आधीच शोधली होती असं इस्रोने सांगितलं. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असायला हरकत नाही. पण चेन्नईच्या त्या माणसाचं म्हणणं तुम्ही-आम्ही स्वतः पडताळू शकतो, कारण दोन्ही फोटो सगळ्यांपुढे आहेत.

आता माझ्या विषयाकडे येतो, म्हणजे तत्त्वज्ञानाकडे. घाबरू नका, पाच मिनिटं.

न्यायदर्शनात ज्ञानाची चार साधनं सांगतात, त्यात एक ‘शब्द’, म्हणजे विश्वासू माणसाचं सांगणं. त्याला आप्त म्हणतात. आप्त कोण? ज्याने वस्तू स्वतः जाणली आहे आणि जशी जाणली तशीच सांगायची ज्याची इच्छा आहे, तो. भाष्यकार वात्स्यायन पुढे फार मोठी गोष्ट सांगतात: हे लक्षण ऋषीला, आर्याला आणि म्लेच्छालाही सारखंच लागू. म्हणजे सांगणाऱ्याची जात, हुद्दा, पदवी विचारायची नाही. केटरिंगचा मास्तर आप्त होऊ शकतो, चेन्नईचा अभियंता होऊ शकतो, युद्धखात्यातला कारकून होऊ शकतो. ‘हौशी’ हा शब्द आपण जरा हलक्याने घेतो. न्यायशास्त्र तसा घेत नाही.

पण याची दुसरी बाजूही आहे. हुद्दा विचारायचा नसेल, तर मग विचारायचं काय? विचारायचं हे, की तू कुठे होतास, केव्हा होतास, कशातून पाहिलंस. दूरच्या वस्तूबद्दल तर हे तीन प्रश्न टाळून चालतच नाही. घरातला माठ फुटला की नाही, ते उठून बघता येतं. मंगळावर उठून जाता येत नाही. तिथे आपल्याजवळ फक्त सांगणाऱ्याची वही असते. माझे वडील प्रामाणिक होते, तरी त्यांची साक्ष अपुरी पडली. प्रामाणिकपणाला तारीख-वेळेची जोड लागते.

आता पुन्हा विजयदुर्गावर. काही वर्षांपूर्वी मी तिथे गेलो होतो. एका म्हाताऱ्या गृहस्थांनी ओटा दाखवला आणि म्हणाले, ‘सायबान हय बसान गिराण बघल्यान.’ मी तेव्हा काही बोललो नाही. त्यांना खोटं ठरवायचा मला काय अधिकार, असं वाटलं. आज वाटतं, बोलायला हवं होतं. गोड बोलून गप्प बसलो ते त्यांच्या आदरापोटी नव्हे, माझ्या सोयीसाठी. आपलीच माणसं आहेत, त्यांना खरं झेपणार नाही, असं मनातल्या मनात धरणं हा काही आदर नव्हे.

दर १८ ऑगस्टला विजयदुर्गावर हेलियम दिवस साजरा होतो, शाळेची मुलं येतात. तो बंद करा असं मी मुळीच म्हणत नाही. उलट जोरात करा. फक्त मुलांना पूर्ण गोष्ट सांगा. सावली आपल्या किनाऱ्यावरून गेली, हे खरं आहे आणि ते पुरेसं मोठं आहे. जमखंडीला हर्शेलच्या डोळ्यापुढे ढग येत-जात राहिले, त्याला मोजक्या क्षणांत काम उरकावं लागलं, आणि ढगांसकट त्याने ते लिहून ठेवलं, हे सांगा. रघुनाथाचारी नावाचा आपला माणूस वनपर्तीला होता, हे सांगा. आणि लॉकियरने घरी बसून काय केलं तेही सांगा. ओट्यावर साहेब बसला नसेल, पण तिथे बसून पोरांना वही कशी ठेवायची ते शिकवता येईल.

ती सोय आत्ताही आहे. आपल्याकडे पुण्याची ज्योतिर्विद्या परिसंस्था १९४४ पासून हौशी लोकांना हेच शिकवते आहे. आंतरराष्ट्रीय अंतराळस्थानक मालवणच्या आकाशातून जातं, दुर्बीणही लागत नाही. पावसाळा सरला की दांडी किनाऱ्यावर उभे राहा. तारीख, वेळ सेकंदापर्यंत, जागा, कुठल्या दिशेने आलं, कुठल्या ताऱ्याजवळून गेलं, कुठे सावलीत शिरून विझलं, आणि खाली तुमचं नाव. दुसऱ्या दिवशी पुन्हा. महिन्याभराने पुढच्या फेरीची वेळ तुमची तुम्हालाच सांगता येईल, मोबाइल न बघता.

आणि एक तारीख लिहून घ्या. २ ऑगस्ट २०२७. त्या दिवशी दुपारनंतर आपल्याकडून सूर्यग्रहण खंडग्रास दिसण्यासारखं आहे. डोळ्यांना योग्य चष्मा लावूनच बघा. ऑगस्ट म्हणजे आपल्याकडे ढग असणारच. काही दिसलं नाही तर लिहा, ‘ढग होते, दिसलं नाही’, आणि वेळ घाला. तीही नोंदच आहे.

मागच्या बाकावरचा तो मुलगा आज कुठे आहे मला माहीत नाही. पण त्याचा प्रश्न मी त्याच्या वतीने तुमच्याजवळ ठेवतो आहे. आता काही विचारायचं असेल तर विचारा. मी बरोबर सांगितलं की नाही, तेही तपासा.